‘झोप चांगली’ लिहिणाऱ्या ताईंस

ताई,

आत्याच्या फाइलीत रात्रीच्या रकान्यात रोज दोनच शब्द असतात : ‘झोप चांगली’. सोमवारी झोप चांगली, मंगळवारी झोप चांगली. ज्या रात्री तिच्या कोपराचं सालटं निघालं त्या रात्रीही झोप चांगलीच. अक्षर तुमचं आहे, गोल आणि टपोरं. आत्या रात्री झोपत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण झोपत नाही म्हणूनच तिला तुमच्या केंद्रात आणावं लागलं. घरी होती तेव्हा रात्री दोनला उठून केस विंचरायची, कपाटात पांढरी साडी शोधायची, ती सापडली नाही की हाताला येईल ती नेसून, पर्स काखेला मारून दाराशी उभी. ‘‘ओव्हर घ्यायचाय, उशीर झाला.’’ ओव्हर म्हणजे पाळी बदलताना आधीच्या नर्सकडून वॉर्ड ताब्यात घेणं. तीस-पस्तीस वर्षं मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ती स्टाफ नर्स होती आणि त्यातल्या निम्म्या तरी रात्री तिने वॉर्डात काढल्या. डिमेन्शियात बाकी सगळं पुसत चाललंय, पण ड्युटीची वेळ पुसली जात नाही.

ही तक्रार नाही, हे आधीच सांगते. म्हणून तुमचं नाव लिहिलेलं नाही, केंद्राचंही नाही. तुम्ही उदगीरकडच्या, केअरटेकर पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत पुण्यात आलेल्या, एवढ्यावरून कुणी तुम्हाला ओळखणार नाही. पुण्याच्या निम्म्या म्हाताऱ्यांना तिकडच्याच बायका सांभाळतात.

पत्र उघड्यावर लिहिण्याचं कारण असं की आपली गाठच पडत नाही. नातेवाइकांची भेटीची वेळ चार ते सहा, तुमची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. मी भेटते ते दिवसाच्या सिस्टरांना आणि ऑफिसातल्या मॅडमना, आणि दोघी मला सांगतात की सगळं छान आहे. माझी काळजी मात्र त्या घरी गेल्यानंतर सुरू होते. शिवाय तुम्हाला जे सांगायचंय ते तुमच्या एकटीच्या हातातलं नाही. ज्यांची आई, सासरे, मावशी, भाऊ अशाच एखाद्या बंगल्यातल्या केंद्रात वरच्या मजल्यावर आहेत त्यांनीही ते ऐकावं, आणि बंगला चालवणाऱ्यांनीही.

काळजी काय असते ते सांगते, म्हणजे मी आल्या आल्या आत्याच्या बाह्या वर का सारते ते तुम्हाला कळेल. दिवसाच्या सिस्टरांना त्याचं वाईट वाटतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी मनगटं बघते. दंडाची आतली बाजू बघते. कानामागे, मांड्यांना, टाचांना, माकडहाडाशी हात फिरवते. नखं, जीभ, वास. आत्याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि तिची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीये, त्यामुळे नडगीवर, हाताच्या पाठीवर, कोपराच्या खाली जांभळे डाग पडतच राहणार. कॉटची कड लागली तरी पडतात. त्यांची मला भीती वाटत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटं उमटलेली दिसली, किंवा दोन्ही मनगटांना सारखाच पट्टा दिसला, तर मात्र मी विचारीन. आत्याला विचारून उपयोग नाही. कोपराला काय झालं म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘पेशंटने मारलं.’’ म्हणजे शेजारच्या आजोबांनी ढकललं, की बाथरूमच्या दाराला लागलं, की 1984 सालच्या कुठल्या वॉर्डातली गोष्ट ती आज सांगत होती? जिच्यावर ओढवलं तिलाच साक्ष देता येत नाही, आणि या आजारातल्या माणसाची भीती ती हीच. लहान पोर निदान रडून दाखवतं. आत्या हसते.

जागतिक आरोग्य संघटना वृद्धांच्या छळाबद्दल जे आकडे देते त्यातला एक माझ्या डोक्यातून जात नाही. वृद्धांना ठेवून घेणाऱ्या संस्थांतल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी कबूल केलं की गेल्या वर्षभरात आपल्या हातून काहीतरी गैर घडलं. म्हणजे मारहाणच असं नाही. त्यात ओरडणं आलं, हाक ऐकून न ऐकल्यासारखं करणं आलं, ओल्या डायपरमध्ये ठेवणं आलं, बांधणं आलं. तिघांतले दोघं म्हणजे काही निवडून काढलेली दुष्ट माणसं नव्हेत. तीन रात्री सलग जागलेली माणसं आहेत ती. घरी सांभाळत होते तेव्हा चौथ्या रात्रीनंतर माझा आवाज कसा व्हायचा ते मला आठवतं.

आता मुद्द्याचं. दाखल करताना प्रत्येक नातेवाईक एक वाक्य बोलतो, मीही बोलले : ‘‘बाकी काही नाही, फक्त पडू देऊ नका.’’ हे वाक्य ऑफिसात बोललं जातं तेव्हा मायेचं असतं. मॅडम ते सुपरवायझरला सांगतात तेव्हा ती सूचना होते. सुपरवायझर रात्री आठला तुम्हाला सांगतात तोवर त्याला धमकीची धार चढलेली असते, कारण पडलं की नातेवाईक येऊन आरडाओरडा करणार हे सगळ्यांना माहीत आहे. आणि रात्री दोनला, चौदा जणांच्या मजल्यावर तुम्ही एकट्या असताना, दोन खोल्यांत एकाच वेळी कुणीतरी उठतं तेव्हा त्या वाक्याचं काय होतं? ओढणीची गाठ होते. खुर्चीचा पट्टा होतो. नाहीतर अर्धी गोळी जास्तीची.

तुम्ही असं केलंय असं मी म्हणत नाही. पण हे होतं, अनेक ठिकाणी होतं, आणि ते करणाऱ्याला वाटत असतं की आपण काळजीच घेतोय. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बांधून ठेवलेलं माणूस पडत नाही, हे खरं. पण ते सुटायची धडपड करतं, आणि पट्टा सरकून गळ्याशी किंवा छातीशी आला की पडण्यापेक्षा वाईट होतं. महिनाभर बांधलं की मांड्यांचे स्नायू गळतात, आणि मग ज्या दिवशी सोडाल त्या दिवशी ते नक्की पडतं. कॉटच्या कठड्यांचंही तसंच. शुद्धीवरच्या माणसाला कठडा अडवतो, पण ड्युटीला उशीर झालेली आत्या त्याच्यावरून पाय टाकून उतरते, म्हणजे दोन फुटांवरून पडायची ती साडेतीन फुटांवरून पडणार. अमेरिकेत 1987 साली कायदा करून शुश्रूषागृहांतल्या लोकांना सोयीसाठी बांधून ठेवायला मनाई केली. तेव्हा तिथल्याही लोकांना वाटलं होतं की आता हाडं मोडायचं प्रमाण वाढेल. बांधणं पुष्कळ कमी झालं, आणि जिथे नीट लक्ष देऊन ते कमी केलं तिथे गंभीर दुखापती वाढल्या नाहीत.

गोळीचं आणखी वेगळं. क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडॉन ही नावं तुम्ही पाकिटांवर वाचली असतील. ही मुळात दुसऱ्या मानसिक आजारांची औषधं. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये यांनी मृत्यूचा धोका दीडपटीहून अधिक होतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली दिला, आणि तिथे तो या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापावा लागतो. तरी कधीकधी ती द्यावी लागतात. आत्यालाही मध्यंतरी दिली होती, तिला छतावर माणसं दिसत होती तेव्हा. पण ते डॉक्टरने ठरवायचं, किती दिवस ते लिहायचं, आणि महिन्याने बंद करता येतं का ते बघायचं. रात्रपाळी सुखरूप पार पडावी म्हणून ते औषध नाही. आणि गोळीने पेंगुळलेलं माणूस लघवीला उठलं की हमखास तोल जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आपल्याकडे कायदा आहे, निदान एका बाजूने. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ज्या आजाराला मानसिक आजार म्हणतो त्याच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांचा बिघाड धरलेला आहे. त्याचं 97 वं कलम सांगतं की माणसाला बांधायचं ते त्याला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होणार असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि लागेल तितकाच वेळ. शिक्षा म्हणून नाही. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. बांधलं तर 24 तासांत रुग्णाच्या नेमलेल्या प्रतिनिधीला कळवायचं. ज्याने हे कलम लिहिलं त्याला रात्री दोनची वेळ माहीत असणार. पण असल्या बंगल्यांवर पाटी ‘ज्येष्ठ निवास’ किंवा ‘केअर सेंटर’ अशी असते, आणि तो कायदा दाराशीच थांबतो. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलांनी आईवडिलांना पोटगी द्यावी, टाकून देऊ नये, जिल्ह्याजिल्ह्यात गरिबांसाठी वृद्धाश्रम असावेत, हे बोलतो. पैसे घेऊन चालवलेल्या खासगी केंद्रात रात्री किती जणांमागे एक माणूस असावं यावर त्यात अवाक्षर नाही. अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायला 2019 साली लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. साठीपुढच्या साधारण 88 लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला, शंभरात सातांहून थोडे अधिक. त्यातली बहुतेक माणसं घरीच आहेत. पण जी बाहेर आहेत त्यांच्या रात्री तुमच्या आणि तुमच्यासारख्यांच्या भरवशावर आहेत, आणि तुमच्या रात्री कुणाच्याच नाहीत. ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी मदतवाहिनी आहे, चांगली आहे, मी वापरलीये. तिची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. ती बंद होते आणि तुमची पाळी सुरू होते.

आत्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, जी ती स्वतः आता सांगू शकणार नाही. तिनेही बांधलेत. ऑपरेशननंतर बरळणारे, सलाइन उपटणारे, दारू एकदम तुटल्यामुळे थरथरणारे पेशंट असत, आणि चाळीस कॉटांच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक आयाबाई. बँडेजच्या पट्टीने हात कॉटला बांधायचे, खाली कापूस घालायचा म्हणजे वळ उठत नाहीत. हे तिने मला कॉलेजात असताना सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. मी शहाणपणाने विचारलं, ‘‘वाईट नाही वाटायचं?’’ ती म्हणाली, ‘‘वाईट वाटायला माणूस रिकामं लागतं.’’ म्हणून तुमच्याबद्दल न्यायनिवाडा करायला मी बसलेली नाही. आत्या तुमच्या जागी उभी राहून आलेली आहे.

आणि आता एका वहीची गोष्ट. तुम्ही ती कुणालाच सांगितली नाहीत, मला कळली ती न्यू जर्सीहून.

आत्याच्या खोलीत दुसऱ्या कॉटवर ज्या काकू आहेत त्यांच्या मुलाने खोलीत कॅमेरा बसवून घेतलाय. आपली रात्र म्हणजे त्याचा दिवस, त्यामुळे तो कामावर असताना स्क्रीनच्या एका कोपऱ्यात आईची खोली उघडी ठेवतो. काकू उठून बसल्या आणि कुणी आलं नाही की तो केंद्राला फोन लावतो, आणि रात्री अडीचला तो फोन तुम्हीच उचलत असणार. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. त्याच कॅमेऱ्यात तुम्ही आत्याचं डायपर बदलता, आणि तो मुलगा म्हणतो की तेवढ्यापुरतं मी खिडकी मिटतो. मिटत असेलही. आत्याने जन्मभर पडदा ओढल्याशिवाय कुठल्या पेशंटला बेडपॅन दिला नाही, एवढंच मला आठवत राहतं. कॅमेरा पडताना दाखवतो, सावरत नाही. बोळात असावा, जिन्याशी असावा, कॉटवर रोखलेला नसावा, असं मी मॅडमना लेखी कळवलंय.

पण त्या मुलानेच मला एकदा कळवलं : ‘‘तुमच्या आत्यांना रात्री वही देतात. त्या टेबलाशी बसून लिहितात. केअरटेकर त्यांना सिस्टर म्हणते.’’ सोबत छोटी चित्रफीत. आत्या दाराशी, पर्स नाही म्हणून उशीचा अभ्रा काखेत. तुम्ही तिला परत कॉटवर ढकलत नाही. तुम्ही काहीतरी म्हणता, बहुतेक ‘‘सिस्टर, आधी रिपोर्ट लिहा,’’ आणि तिला खुर्ची देता, वही देता, पेन देता. ती वाकून लिहू लागते. तुम्ही तिच्या पावलांत मोजे घालता, ते न घसरणारे, मी आणलेले, जे दिवसा तिच्या पायात कधी दिसत नाहीत. मग तुम्ही शेजारच्या खोलीत जाता आणि ती लिहीत राहते.

ती वही मी पुढच्या भेटीत मागून घेतली. अर्धी पानं नुसत्या रेघा, पण मधूनमधून अक्षर लागतं. ‘टी.पी.आर. घेतला,’ म्हणजे ताप, नाडी, श्वास. ‘14 नं. ला उलटी.’ एका पानावर माझ्या वडिलांचं नाव आणि त्यापुढे ‘डिस्चार्ज’. तो 2011 साली गेला, तिचा भाऊ.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशेंनी उभे केलेले, आत्यासारखीच स्मृती गेलेले संस्कृतचे पंडित हरवतात आणि हत्तीच्या मागे चालत जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको, कानडी बोलणारी. अमृता सुभाषने केलेल्या त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरात लोक रडत होते. मी मात्र मनातल्या मनात हिशेब करत होते की त्या बाईला उद्याही त्यांना सांभाळायला लागलं तर? परवाही? महिन्याला किती देणार? एक दिवस आईसारखं सांभाळणं अवघड असेल, पण तुम्ही आठवड्याचे सहा दिवस बारा तास चौदा जणांच्या मजल्यावर ते करता, आणि तुमच्या हाताला जे पडतं ते आम्ही भरतो त्या पैशांतला किती थोडा भाग आहे हे मला ब्युरोच्या दुसऱ्या एका बाईंनी सांगितलंय. आम्ही नातेवाईक केंद्र निवडताना लॉन बघतो, जेवणाचा मेनू बघतो, फिजिओथेरपी आहे का विचारतो. रात्री या मजल्यावर किती माणसं असतात, हा प्रश्न मी दाखल करताना विचारला नाही, माझ्या ओळखीत कुणीच विचारलेला नाही. आता मी तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पैसे भरताना विचारते. मॅडमना तो आवडत नाही. इतरांनीही विचारला तर त्यांना तो आवडून घ्यावा लागेल.

तर ताई, माझ्याकडून हे लेखी समजा. आत्या चालताना पडली, तर मी तुम्हाला जबाबदार धरणार नाही. दाखल करताना केंद्राने माझी सही घेतलीच होती, ‘पडल्यास संस्था जबाबदार नाही’ म्हणून. पण ते कलम संस्थेला वाचवतं, तुम्हाला वाचवत नाही. म्हणून मी वेगळं पत्र दिलंय : आत्याच्या पडण्यावरून रात्रपाळीच्या कुणाचाही पगार कापू नये, कुणाला काढू नये. मला माहीत आहे मी काय पत्करते आहे. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांतला पाचातला एक तरी वर्षाच्या आत जातो, आणि डिमेन्शिया असेल तर त्याहून जास्त. माझ्या चुलतभावाला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, ‘‘तुला ती पडलेली चालेल?’’ चालणार नाही. पण बांधलेली त्याहून चालणार नाही, आणि या दोन्हींतून तिसरं काही मिळेल असं आश्वासन जो देतो तो मला खोटं बोलतोय.

त्या बदल्यात मला एकच हवंय. खरं सांगा. ‘झोप चांगली’ नको. ‘दोन ते चार जागी, वही दिली, एकदा बोळात गेली, परत आणली’ असं लिहा. कोपराला लागलं तर कसं लागलं ते लिहा, माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पाच वाजता दिसलं’ असं लिहा. जास्तीची गोळी द्यावी लागली तर किती वाजता आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही लिहा. सुपरवायझर ओरडले तर त्यांना माझं पत्र दाखवा.

पडली तर लगेच हाताला धरून उठवू नका, एवढं नक्की. आपल्याकडे पडलेल्याला आधी उचलायची घाई असते. एक पाय आखूड दिसतोय का, पाऊल बाहेर वळलंय का ते बघा. तसं असेल तर हलवायचं नाही, उशी द्यायची, अंगावर पांघरूण घालायचं आणि 108 ला फोन. डोक्याला लागलं असेल तर ती हसत असली तरी मला कळवा, कितीही वाजता. रक्त पातळ असल्यामुळे डोक्यातला रक्तस्राव दोन-चार दिवसांनीही कळतो.

पडण्याच्या धास्तीत बाकीचं मागे राहतं, तेही सांगून टाकते. आत्या एका दिवसात एकदम वेगळी वागू लागली, नेहमीपेक्षा बरळली किंवा नेहमीपेक्षा गप्प झाली, तर आजार वाढला असं समजू नका. आधी लघवीचा संसर्ग, पोट साफ न होणं, पाणी कमी पडणं बघा. तिला तहान लागल्याचं कळत नाही. पाणी हवं का विचारलं तर ‘नको, ड्युटीवर आहे’ म्हणते. न विचारता पेला हातात दिला की पिते. पण बसवून, घाई न करता, कारण आता तिला पोळीपेक्षा पाण्याचा ठसका जास्त लागतो, आणि श्वासनळीत गेलेल्या त्या पाण्याचा न्युमोनिया होतो.

आणि कूस बदलणं. ज्या बाईच्या आजारावरून अल्झायमर हे नाव जगाला कळलं ती फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात होती. ऑगुस्ट डेटर तिचं नाव. 1901 साली ती तिथे आली आणि डॉक्टर अलॉइस अल्झायमरांनी तिच्याशी झालेली बोलणी लिहून ठेवली. त्या इस्पितळात रुग्णांना शक्यतो बांधायचं नाही असा त्या काळी नवलाचा दंडक होता. 1906 च्या एप्रिलमध्ये ती गेली. तिच्या मेंदूबद्दल वैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. ती गेली मात्र शय्याव्रणांतून रक्तात विष पसरून. पुढे आत्या अंथरुणाला खिळेल तेव्हा दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवणारे हात लागतील, आणि तेव्हाही रात्री तुम्ही एकट्याच असाल तर ते जमणार नाही. हे मी तुम्हाला नाही, मॅडमना ऐकू जावं म्हणून लिहिते आहे.

आत्या गेटबाहेर पडली तर काय, याची तयारी मी करून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट नावाचा महायुद्धातला एक सैनिक म्हातारपणी स्मृती गेल्यावर आपलं बालपणीचं घर शोधायला निघाला आणि त्यातच वारला. त्याच्या नावाने तिथले पोलीस एक फॉर्म आधीच भरून ठेवायला सांगतात : माणूस कसं दिसतं, पूर्वी कुठे राहायचं, कुठे कामाला जायचं, कशाने घाबरतं, कुठल्या हाकेला ओ देतं. त्यावरून मी आत्यासाठी मराठीत एक पान केलंय, फोटोसकट, आणि गेटवरच्या मामांकडे दिलंय. ती बाहेर पडली तर ड्युटीला जायला ‘दादर, दादर’ म्हणत रिक्षा शोधील. रिक्षावाल्याला ती मुळीच आजारी वाटणार नाही. मामांना म्हटलं, नावाने हाक मारू नका, ‘सिस्टर, मेट्रन बोलावतात’ म्हणा, लगेच वळेल.

राहिली दिवाळी. तुम्ही वसुबारसेला गावी जाणार आणि भाऊबीज करून येणार असं दिवसाच्या सिस्टरांकडून कळलं. जा, जायलाच हवं, तुमची मुलगी आजीकडे असते तेही कळलंय. तेवढे दिवस ब्युरो बदली बाई पाठवेल. तिला आत्या माहीत नसेल, शेजारच्या काकू माहीत नसतील, आणि तिला पहिल्याच रात्री कुणीतरी सांगेल की फक्त पडू देऊ नका. मला या दिवाळीची धास्ती वाटते, वर्षातल्या कुठल्याही रात्रींपेक्षा जास्त. फटाके सुरू झाले की आत्या वॉर्डात जळालेले पेशंट येणार म्हणून उठून बसते.

म्हणून निघण्याआधी बदली बाईंसाठी एक पान लिहून ठेवाल का? मी लिहिलं असतं, पण मला तिच्या रात्री माहीत नाहीत, तुम्हाला आहेत. वही कुठे असते, पेन कुठलं चालतं, ‘सिस्टर’ म्हणायचं आणि ‘आजी’ म्हणायचं नाही, फटाक्यांच्या वेळी काय म्हटलं की ती खाली बसते. वरच्या मजल्यावर तेवढ्या रात्रींसाठी दुसरी बाई ठेवावी असं मी केंद्राला कळवलं आहे. तिचे पैसे नातेवाइकांनी वाटून घेऊ, न्यू जर्सीचा मुलगा तयार आहे, बाकीच्यांना मी फोन करते आहे. नव्या शंभर पानी वह्या आणि निळी पेनं मॅडमकडे दिली आहेत. लाल देऊ नका. लाल शाईने फक्त मृत्यूची नोंद करायची असते असं ती म्हणते, आणि मग लिहायचं सोडून कोण गेलं ते विचारत बसते.

आपली,
तुमच्या सिस्टरांची भाची